नऊ नंबरचं कुलूप

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता खालच्या शिंप्याकडून लिहून घेतला आहे. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, पण पोस्टमनला लागलं असावं.

मी सुटून दोन महिने झाले. तुला हे माहीत आहे. परवा बाजारात वहिनी मला बघून दुसऱ्या गल्लीत वळली, म्हणजे घरी नक्की बोलली असणार. तिला सांग, मला राग नाही. आईला तू काय सांगितलं आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून मी तिच्यासमोर आलेलो नाही.

सध्या एका खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याकडे आहे. वेत विणतो. मालक म्हणतो, "तुझं काम चांगलं आहे, पण तू एकेक वेत विणून परत मोजतोस, तोवर गिऱ्हाईक उभ्यानेच म्हातारं होतं." मला वायरमनची परीक्षा द्यायची होती, हे तुला माहीत आहे. अर्ज आणला होता. चौदाव्या रकान्यात विचारलं आहे: आपल्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झाला आहे काय? पुढे दोन चौकोन. पेन हातात घेऊन मी किती वेळ बसलो ते सांगत नाही, तू हसशील.

तो अर्ज तसाच ठेवून मी कोर्टात मोफत सल्ल्याच्या खिडकीवर गेलो. तिथे एक वकीलबाई बसतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कबूल का केलंत?" मी म्हणालो, "दादा म्हणाला." त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घडलेलं सगळं क्रमाने एकदा लिहा. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासाठी लिहा." म्हणून तुला माहीत असलेलंच तुला लिहितो. चुकलं असेल तिथे खूण कर.

आपली लाँड्री. तू फोरमन, मी मशीनवर. ड्रम नंबर तीन. जेवणाच्या सुट्टीआधी एक चादर दाराच्या कडेत अडकली आणि ती सोडवायला आपल्यातला शिट्टी आत उतरला (सारखी शीळ घालतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात). आपला नियम असा, की एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर थांबायचं. बाहेरच्याने मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी गळ्यात ठेवायची. "ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं" ही पाटी भिंतीवर आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून तूच ती माझ्याकडून लिहून घेतलीस. माझं कुलूप नऊ नंबरचं. मी ते घातलं. तू दारातून ओरडलास, "स्टोअरमधून मोठी कात्री आण." मी गेलो. परत आलो तेव्हा ड्रम फिरत होता. माझं कुलूप स्विचच्या पेटीवर उघडं पडलं होतं. तू म्हणालास, स्विचला कुलूप नव्हतं, म्हणून मोकळा समजून मी चालू केला. शिट्टीचा उजवा हात कोपरापासून गेला.

कुलूप फोडलेलं नव्हतं, चावीने उघडलेलं होतं. आणि चावी माझ्या गळ्यात होती.

कुलूप असताना तू चालू केला असतास तर गुन्हेगार तू. कुलूप मीच उघडं टाकलं असेल तर गुन्हेगार मी. एवढाच खटला होता, आणि तो चाललाच नाही. मी कबूल केलं, त्यांनी शिक्षा कमी केली, सौदा झाला. वकील मालकांनी दिलेला. तोच तुझा, तोच माझा, तोच मालकांचा. एका छत्रीत तिघं होतो, भिजलो मी.

वकीलबाई म्हणतात, अशा कबुलीलाही आव्हान देता येतं. पूर्ण माहिती न देता, किंवा जवळच्या माणसाने भरीस घालून ती घेतली असेल तर. मला तुझ्याकडून एकच कागद हवा आहे. कबुलीच्या आदल्या आठवड्यात तू मला भेटायला आलास, तेव्हा काय बोललास ते जसंच्या तसं लिहून सही कर. मी निर्दोष आहे असं लिहू नकोस. ते मलाच माहीत नाही.

कोर्टातल्या या अर्जाची मुदत मार्चअखेरपर्यंत आहे.


१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन शिंप्याच्या दुकानात आला होता. "भाऊजी, हे म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार? उकरणाऱ्याच्याच नखांत माती जाते." तुझं वाक्य आहे हे कळलं. वहिनी असं बोलत नाही. मागून तुझा खोकलाही ऐकू येत होता. एवढ्या जवळ होतास, तर फोन हातात का घेतला नाहीस?

दुसरं तिने सांगितलं ते खरं आहे. सौदा मोडला तर मूळ कलम परत लागतं. भोगलेले अकरा महिने वजा होतील, पण वर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मी वकीलबाईंना हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अहो, दर वेळी विचारून वर्षं कमी होणार आहेत का?" मला भीती वाटते. रोज सकाळी वेत भिजत घालताना वाटते आणि वेत मऊ होईपर्यंत जात नाही. पण चौदाव्या रकान्यासमोर बसलो की यापेक्षा वाईट काहीतरी वाटतं.

तू कागद देणार नाहीस असं दिसतं. मग तू काय बोललास ते मीच लिहितो.

भेटीच्या खोलीत मधे जाळी होती. तू नवा शर्ट घातला होतास. आधी आईबद्दल बोललास, मग विचारलंस, "कुलूप लावल्यावर तू काय करतोस?"

मी म्हणालो, "ओढून बघतो. तीनदा."

"आणि तरी शंका आली तर?"

"उघडून परत लावतो."

"त्या दिवशी उघडलं होतंस?"

"नाही. म्हणजे बहुतेक नाही."

"बहुतेक?" तू जाळीजवळ आलास. "घराला कुलूप लावून तू कोपऱ्यापर्यंत जायचास आणि परत यायचास. शाळेला उशीर, मार खायचास, तरी परत यायचास. आई म्हणायची, याचं लग्न झालं तर बायकोलाही तीनदा विचारेल, तू माझीच ना. तू उघडलंस, मी हाक मारली, तू गेलास. लावायचं राहिलं. होतं असं माणसाचं."

"मला तसं आठवत नाही."

"लावल्याचं आठवतंय? छातीवर हात ठेवून सांग."

दादा, मला हात ठेवता आला नाही. त्या दिवशीचं लावलेलं कुलूप आठवायला गेलो की शंभर दिवसांची लावलेली कुलपं आठवतात, आणि त्यातलं नेमकं कोणतं त्या दिवशीचं ते कळत नाही. तुला हे माहीत होतं. जगात हे फक्त दोघांना माहीत होतं, आईला आणि तुला.

मग तू म्हणालास, खटला चालला तर शिट्टीला उभं करतील, त्याची रिकामी बाही बघून न्यायाधीश सात वर्षं ठोठावतील. कबूल केलंस तर वर्षाच्या आत घरी. मी "घरी" हा शब्द धरून ठेवला. सुटलो त्या दिवशी दारात तू नव्हतास.

न्यायाधीशांनी विचारलं होतं, "कुणाचा दबाव आहे का?" मी म्हणालो, "नाही." "समजून-उमजून कबूल करता?" "हो." अगदी स्पष्ट म्हणालो. शाळेत हजेरी देतात तसं. ते तसंच कागदावर आहे आणि सरकारी वकील आता तेच वाचून दाखवणार.


८ मार्च

दादा,

काल मी शिट्टीकडे गेलो.

वकीलबाईंनी जाऊ नका सांगितलं होतं. मी माफी मागायला गेलो होतो, दुसरं काही नाही. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना वाटत होतं, दार उघडून तो मला खाली ढकलेल तर बरं होईल.

दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने मला ओळखलं आणि आत ओरडली, "अहो, ते आलेत, कुलूपवाले." बघ, माझं आता हे नाव आहे.

तो डाव्या हाताने नखं कापायचा प्रयत्न करत होता. डाव्या हाताने डाव्याच हाताची. नेलकटर मांडीखाली धरलं होतं. मला बघून म्हणाला, "ये. आलास तर बस, नाहीतर हे कापून दे." मी खाली बसलो आणि त्याची पाचही नखं कापली. मग मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, की माझ्या हातून कुलूप लावायचं राहिलं, मला माफ करा.

त्याने नेलकटर माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाला, "राहिलं कुठे? लावलंस की. मी आत होतो. तीनदा ओढलंस, खट खट खट. मी मनात म्हटलंसुद्धा, झाली याची आरती."

मी म्हटलं, "मग मीच नंतर उघडलं असेल."

"तू गेलास. तुझ्या चपलेचा पट्टा तुटलेला होता, फटक-फटक करत गेलास. सुट्टी झालेली, बाकीचे ड्रम बंद, सगळं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने चावीचा आवाज आला. त्याआधी पावलं वाजली ती चपलांची नाही, बुटांची. मी म्हटलं, 'आलास का रे?' कुणी उत्तर दिलं नाही. पुढचं तुला माहीत आहे."

लाँड्रीत बूट कोण घालतं, दादा?

मी विचारलं, "हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "कुणाला सांगू? पोलीस आले तेव्हा मी गुंगीत होतो. परत येतो म्हणाले. परत कशाला येतील? तू कबूल करून मोकळा झालास! मी रोज वाट बघायचो, कोर्टात बोलावतील, सांगेन. मग कळलं, खटलाच नाही. माझा हात गेला आणि मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. तुझ्यामुळे."

म्हणजे माझा अपराध आहेच. तो वेगळा निघाला, एवढंच.

मी म्हटलं, "पण चावी एकच होती आणि ती माझ्याकडे होती."

यावर त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कसली एकच? तुमच्या लाँड्रीची ती कुलपं म्हणजे नुसती शोभा. यांचं चार नंबरचं पेटीला आहे, आणि रिटायर झालेला तो म्हातारा देऊन गेला ते अकरा नंबरचं दाराला. मी दोन्ही एकाच चावीने उघडते. कधीपासून."

मी उठून बघितलं. चार नंबरची चावी अकराच्या कुलपात घातली. उघडलं. लावलं, परत उघडलं. शिट्टी म्हणाला, "बास, तिसऱ्यांदा नको."

आपण बारा माणसं इतकी वर्षं ती कुलपं वापरत होतो. दुसऱ्याच्या कुलपात आपली चावी घालून बघावी असं एकालाही वाटलं नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं ते. पाटीच होती तशी, माझ्याच अक्षरात.


९ मार्च

दादा,

रात्रभर आठवत होतो, आता नक्की आठवलं. ती कुलपं तू आणली होतीस. त्याआधी एकजण चावी गळ्यात घालून घरी निघून गेला, ड्रम अर्धा दिवस अडला आणि मालकांनी सगळ्यांसमोर तुझी लाज काढली. पुढच्याच आठवड्यात तू पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आलास, एक डझन. नंबर मी रंगवले. दर कुलपाची दुसरी चावी तू आम्हा सगळ्यांसमोर हातोडीने ठोकून वाकवलीस आणि म्हणालास, "आता ज्याचा जीव, त्याच्याच गळ्यात." आम्ही टाळ्या वाजवल्या.

एक नंबरचं कुलूप तू स्वतःला ठेवलंस. त्याची चावी तुझ्या खिशात असायची.

दुकानदाराकडून एकाच चावीची कुलपं मागून घेतली होतीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.


२ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. सही नाही, तारीख नाही, पण अक्षर तुझंच आहे. तू लिहितोस:

"त्या दिवशी हॉस्पिटलचा माल अडला होता. मला वाटलं, तो पण जेवायला गेला आणि तुझं कुलूप तसंच राहिलं. मी आत बघितलं नाही. बाबा गेल्यावर तुला मी वाढवलं, हे विसरू नको. मला दोन मुली आहेत. वाचून जाळून टाक."

मी ती वाचली. तुझ्यात दुष्टपणा नव्हता, घाई होती, हे मला पटतं. खरं सांगतो, पटतं. शिट्टीचा हात तुझ्या घाईने गेला. पण त्यानंतर तुला चांगले तीन आठवडे मिळाले होते. जाळीपाशी आलास तेव्हा तू घाईत नव्हतास. अगदी सावकाश, एकेक प्रश्न विचारून, माझ्याच डोक्यात हात घालून तू ते कुलूप उघडलंस. त्याचीही चावी तुझ्याकडे होतीच.

तू मला नुसतं म्हणाला असतास, "माझ्याकडून झालं, मला वाचव," तर मी काय केलं असतं माहीत आहे का? कबूल केलं असतं. तेच अकरा महिने काढले असते. फक्त रोज झोपताना स्वतःच्या हातांकडे बघून घाबरलो नसतो.

रविवारी आईचा फोन आला. मला वाटत होतं, तू तिला मी कुठेतरी लांब कामाला आहे असं सांगितलं असशील. तिला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून. म्हणाली, "बाळा, जेवलास का?" मग म्हणाली, "दोघांपैकी एक तरी घरात राहू दे रे."

मी विचारलं, "आई, कोणता एक?"

फोन बंद झाला. तिने ठेवला नसेल. वहिनीने काढून घेतला असावा. मी असं धरून चालतो.

कोर्टातला अर्ज मुदतीत दाखल केला आहे. चिठ्ठी जाळलेली नाही.


२४ एप्रिल

दादा,

आज सुनावणी झाली. तुला कुणाकडून तरी कळेलच, पण नीट कळावं म्हणून लिहितो.

सरकारी वकिलांनी माझी जुनी उत्तरं वाचली. "कुणाचा दबाव?" "नाही." "समजून-उमजून?" "हो." आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, किती शहाणा मुलगा आहे. ते म्हणाले, शिक्षा भोगून झाल्यावर आता यांना पश्चात्ताप होतोय. आरोपीने सौद्याचा फायदा घेतला. 'फायदा' हा शब्द मी वहीत लिहून ठेवला आहे.

मग शिट्टी उभा राहिला. शपथेसाठी उजवा हात वर करा म्हणाले. सवयीने म्हणाले असतील. त्याने बाही वर केली. त्याने चपलांचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. बूट कुणाचे हे विचारल्यावर म्हणाला, "मी आत होतो साहेब. बघितलेलं नाही ते सांगणार नाही." वकीलबाई मला नंतर म्हणाल्या, असा साक्षीदार नशिबाने मिळतो.

त्यांनी विनंती केली की मुद्देमाल मागवावा. कारकुनाने सील केलेली पिशवी आणली. त्यात माझं कुलूप होतं. नऊचा आकडा मीच रंगवलेला, खालचं शेपूट जरा लांब झालेलं. लाँड्रीतलं मी रोज हाताळलेलं तेच, पण किती लहान दिसत होतं. कारकुनाने ते लावलं. वकीलबाईंनी शिट्टीच्या पेटीची चार नंबरची चावी दिली. चावी अर्धी फिरली आणि अडली.

दादा, त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं. खोटं नाही सांगत. वाटलं की मीच केलं असेल, दादा निर्दोष असेल, सगळं जिथल्या तिथे राहील, रविवारी घरी जाता येईल. कारकून म्हणाला, "गंज आहे." त्याने फुंकर मारली आणि परत फिरवली.

उघडलं.

न्यायाधीश म्हणाले, "परत लावा आणि परत उघडा." कारकुनाने आणखी दोनदा उघडलं. म्हणजे एकूण तीनदा. माझ्यासारखी खोड न्यायाधीशांनाही आहे, आणि त्यांना कोणी हसत नाही.

मग त्यांनी विचारलं, ही कुलपं कुणी आणली, आणि असल्या इतर चाव्या कुणाकडे असत? वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. तुझी चिठ्ठी माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. मी ती काढली नाही. म्हणालो, "फोरमनकडे. त्यांनाच विचारा." कामावर मी तुला फोरमनच म्हणायचो.

निकाल राखून ठेवला आहे. आधी तुझी साक्ष. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी साडेदहा वाजता. माझी कबुली रद्द झाली तर खटला पहिल्यापासून चालेल. आणि तो कुणावर चालेल हे तू काय बोलतोस त्यावर आहे. तू खोटं बोललास तर तो माझ्यावरच चालेल, आणि तेव्हा मात्र ती चिठ्ठी मी वकीलबाईंना देईन. मुलींची नावं पुढे करू नकोस. त्यांना मी वाईट काका वाटेन, हे माझं मोजून झालं आहे.

तिथे तुलाही विचारतील, कुणाचा दबाव आहे का. नाही म्हणशील तेव्हा ते खरं असू दे. घराण्यात एक तरी कबुली खरी होऊ दे.

समन्स पाठवण्यासाठी कारकुनाने तुझा पत्ता मागितला. शिंप्याला बोलावण्याची गरज नव्हती. मीच लिहिला, माझ्या अक्षरात: इमारत, मजला, दाराचा नंबर, सगळं. लिहून झाल्यावर एकदाच वाचला आणि कागद त्याच्या हातात दिला.